राणीबागेत बघायचं काय?

गावाहून पाहुणे आले की त्यांना मुंबई दाखवायचा कार्यक्रम ठरलेला असायचा. गेटवे, तारापोरवाला मत्स्यालय, हँगिंग गार्डनसमोरचा म्हातारीचा बूट, आणि या सगळ्यांच्या आधी राणीची बाग. 1969 साली तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं, पण लालबाग-परळच्या चाळींत आजही कुणी ‘राणीबागेत जाऊन येतो’ असंच म्हणतं.

आमच्याकडे गिरणीच्या सुट्टीला राणीबाग असायची. पहाटे पुऱ्या तळल्या जायच्या, बटाट्याची सुकी भाजी डब्यात, पाण्याची बाटली, अंथरायला जुनी चादर, आणि शेजारच्या खोलीतली दोन-तीन पोरं हमखास सोबत. भायखळ्यापर्यंत चालतच जायचं. बसचे पैसे वाचले की त्यांचे खारे दाणे यायचे.

आत शिरलं की आम्ही पिंजऱ्यांकडे सुटायचो. सिंह दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. पाणघोडा त्या हिरव्यागार पाण्यात नुसते डोळे वर काढून पडलेला, आणि तो कधी जांभई देतो म्हणून कठड्याला लटकलेली पन्नास पोरं. हत्तीवर बसून फेरी मारता यायची. आजी काही बसली नाही. तिनं हत्तीला हात जोडले आणि बाजूला उभी राहिली. माकडांना दाणे टाकू नका अशी पाटी होती. ती वाचता येणारेच पहिले दाणे टाकायचे.

त्या काळाचं फार कौतुक मात्र करू नये. सिमेंटची जमीन, लोखंडी गज आणि त्यातल्या त्यात येरझाऱ्या घालणारं जनावर. आम्हाला मजा वाटायची. त्याला काय वाटत होतं, हा प्रश्न तेव्हा ना आम्हाला पडला ना मोठ्यांना. आता गजांऐवजी काचा आल्या, वाघाला जरा हिरवळ मिळाली, पक्ष्यांच्या मोठ्या जाळीत माणसंच आत शिरून फिरतात. हे बरंच झालं.

2016 साली सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले आणि पुढच्या वर्षी ते लोकांना बघायला मिळू लागले. मूळचे ते पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. भायखळ्याच्या घामात त्यांच्यासाठी थंड दालन उभं राहिलं. त्याच वर्षी मोठ्यांचं 5 रुपयांचं तिकीट 50 वर गेलं. आईबाप आणि दोन मुलांना मिळून 100. चाळीतलं कुटुंब चार माणसांचं कधी असतं का, हे ठरवणाऱ्यांना कुणी सांगायला हवं होतं. गर्दी तरीही ओसंडून वाहते. रविवारी पेंग्विनच्या दारात रांग, आत मोबाइल उंचावलेले हात, आणि बाहेर आल्यावर ‘चला, झालं बघून.’

झालं कसं? राणीबाग मुळात प्राण्यांची नव्हेच. शिवडीला वनस्पतींची एक जुनी बाग होती, ती जागा गोऱ्यांच्या दफनभूमीसाठी गेली. म्हणून माझगावच्या माउंट इस्टेटवर नवी बाग आखली आणि ती 1862 साली खुली झाली. पिंजरे मागाहून आले. म्हणजे इथे यजमान झाडं आहेत, प्राणी पाहुणे. आपण मात्र पहिल्यापासून पाहुण्यांनाच भेटून परत येतो.

लहानपणी झाड म्हणजे चादर अंथरायची सावली, एवढंच. अपवाद आजीचा. कैलासपतीखाली पडलेलं फूल ती उचलून पदराला पुसायची आणि आम्हाला त्यावर पाय देऊ द्यायची नाही. ते फूल हातात घेऊन बघण्यासारखंच आहे. गुलाबी-तांबूस जाड पाकळ्या, मधे पिंडीसारखा उंचवटा आणि त्यावर नागाच्या फण्यासारखा झुकलेला केसरांचा झुबका. ही फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, थेट खोडातून फुटलेल्या दांड्यांवर येतात, आणि वास दूरवर जातो. त्याच खोडाला तोफगोळ्याएवढी तपकिरी फळं लटकलेली असतात. पिकलेलं फळ पडून फुटलं की मात्र नाक धरून पळावं लागतं. एकाच झाडाचे हे दोन वास.

गोरखचिंचेचं फुगीर खोड असंच. आफ्रिकेतून आलेलं हे झाड पानं झडली की उलटं रोवल्यासारखं दिसतं. आणि ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी! लाल फुलांचे लोंबते घोस, पाकळ्यांवर पिवळा ठिपका. उन्हाळ्याच्या आधी ती फुलते तेव्हा तिच्यासमोर रांग लागायला हवी. लागत नाही.

2007च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा अवाढव्य आराखडा आला, तेव्हा ही झाडं धोक्यात येतील म्हणून काही नागरिक उभे राहिले. अर्ज केले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, झाडांच्या नोंदी केल्या. तो आराखडा जसाच्या तसा उतरला नाही, याचं बरंच श्रेय त्यांचं. आज तिथे सावलीत बसणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल?

आणखीही काही रांगेविना बघता येतं. बागेलगतच्या वस्तुसंग्रहालयाबाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. 1864 साली त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे इथे आणून जोडले. सातव्या एडवर्डचा खरा काळा घोडाही 1965पासून इथेच आहे, घोडेस्वारासकट. काळा घोडा चौकात आता जो दिसतो तो नवा, बिनस्वाराचा.

पुढच्या वेळी पोरांना घेऊन जाल तेव्हा पेंग्विन बघाच, त्यांना नाही म्हणून चालणार नाही. पण तासभर तरी झाडांना द्या. खोडावरची नावाची पाटी वाचा, खाली पडलेलं फूल पोराच्या हातात द्या. सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी असते. फक्त बुधवारी जाऊ नका, त्या दिवशी बाग बंद असते.