भुताची पत्रिका

धुळ्याच्या मित्राचे लग्न पंचेचाळिशीत ठरले, तेही आखाजीला. म्हणाला, "या वयात बोहल्यावर मी भूतच दिसणार. पत्रिका अमेरिकेतल्या ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसारखी कर, अन् हाताने!"

मी पडलो बी.कॉम., बँकेतला कारकून. जळगावात बसून गंगाफळ काढले, ते भरताचे वांगे झाले. शेजारी पांढरे भूत काढले.

पत्रिका पाहून त्याच्या आई गप्पच. मी घाबरलो. "काकू, चुकलंच माझं."

"नाही रे. आखाजीला पितरांची घागर भरतोच ना आपण? हे बघ, ह्यांचाच सदरा नि धोतर. लेकाचं लग्न बघायचं राहिलं होतं त्यांचं."

त्यांनी भुतावर अक्षता टाकल्या. माझी एंट्री प्रथमच खाडाखोडीविना पास झाली.