रॉकर शाफ्ट आणि पाठशुद्धी

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी आपली ओवी तीत मिसळू नये असे बजावले, हे आपण एम. ए.च्या वर्गात दरवर्षी सांगतो. शुद्ध करणे म्हणजे काय, हा प्रश्न मात्र आपण बहुधा घाईत सोडून देतो. मला तो गेल्या हिवाळ्यात सास्तूरला, वडिलांच्या अँबॅसडरच्या उघड्या इंजिनापाशी नव्याने पडला.

गाडी मार्क ३. इंजिन १४८९ सीसीचे, मूळ इंग्लंडातल्या मॉरिसच्या घराण्यातले. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसडर बाहेर पडणे २०१४ साली थांबले. वडील गेल्यावर धाकट्या भावाचे म्हणणे असे, की इंजिन भंगारात द्यावे आणि सांगाडा हायवेवरच्या एखाद्या हॉटेलवाल्याला शोभेसाठी विकावा. मी त्याच्याकडे सहा महिने मागून घेतले. तेवढ्यात गाडी चालती झाली तर ती घरी राहणार होती.

ह्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, व्हॉल्व्ह वर. कॅम पुशरॉडला उचलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर ढकलतो, दुसरे टोक व्हॉल्व्ह खाली दाबते. असे आठ रॉकर एका पोकळ दांड्यावर ओवलेले असतात. तो रॉकर शाफ्ट. चार स्टँड त्याला तोलून धरतात. तेल एका स्टँडमधून शाफ्टच्या पोकळीत शिरते आणि बारीक छिद्रांतून प्रत्येक रॉकरला मिळते. पुशरॉड आणि व्हॉल्व्हची स्प्रिंग दोघेही रॉकरला वरच रेटत असल्याने शाफ्ट झिजतो तो खालच्या अंगाला. म्हणून छिद्रांचे तोंड खाली, भाराच्या बाजूला हवे. शाफ्ट जागचा फिरू नये म्हणून स्टँडमधून एक स्क्रू त्याच्या खाचेत उतरतो. एवढ्याशा स्क्रूवर सगळी दिशा अवलंबून!

आमच्या गाडीत हा स्क्रू होता, पण त्याचे टोक कापलेले होते. उमरग्याच्या मिस्त्रींनी शाफ्ट काढून माझ्या हातात दिला. छिद्रे वर होती. खालचे अंग गुळगुळीत झिजलेले; पण वरच्या अंगालाही नखाला लागतील अशा जुन्या पायऱ्या होत्या. तेलाच्या स्टँडपाशी कोणीतरी समोरासमोर दुसरे छिद्र पाडलेले. म्हणजे झिजलेला शाफ्ट कधीतरी उलटा करून, कोरी बाजू खाली घेऊन, बसवला गेला होता. "जुगाड हाय सर," मिस्त्री म्हणाले. मला ते हस्तलिखितातल्या लेखनिकाच्या हातासारखे वाटले. मूळ अक्षर पुसट झाले, त्याने आपल्या अंदाजाने ओळ पुरी केली. अर्थ लागला, छंद बिघडला.

वडिलांच्या खर्चाच्या वहीत नोंद सापडली: डिसेंबर १९९३, 'रॉकर फिरवून घेतला'. पुढे मजुरी.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी काय झाले, हे ह्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. माळवदाची, दगडमातीची जाड भिंतींची घरे बसली. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगडच त्यांत फारसे नव्हते, हे मागाहून इंजिनिअरांनी दाखवले. मी तेव्हा आठवीत होतो. गाडी बाहेर लिंबाखाली होती म्हणून वाचली. त्यानंतरचे कित्येक आठवडे ती सोलापूर-उमरग्याच्या रस्त्यावर माणसे, औषधे, पुढे पत्रे वाहत राहिली. नवा शाफ्ट आणायला गाडी चार दिवस उभी ठेवणे वडिलांना शक्य नव्हते, एवढे वहीच्या त्या पानावरून कळते.

मग अशुद्ध पाठ कोणता?

मी नवा शाफ्ट दिल्लीच्या कश्मीरी गेटच्या बाजारातून मागवला. ह्यात मला द्विधा वाटली नाही; चालायचे असेल तर छिद्रे खालीच हवीत. भावुकतेने इंजिन चालत नाही. बसवताना मिस्त्रींनी आधी टॅपेटचे स्क्रू सैल केले. प्रत्येक रॉकर आपल्याच जुन्या जागी गेला, स्प्रिंग आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. सुट्या पानांची पोथी रचावी तसे. नट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे करून आवळले, कारण काही व्हॉल्व्ह दाबलेले असतात आणि एका टोकाने घाई केली तर शाफ्ट वाकतो. शिवाय हेडचे लांब स्टडही ह्याच स्टँडांतून येतात, त्यामुळे इथली चूक थेट गॅस्केटला भोवते. टॅपेटचे गणित तर मला फारच आवडले: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याचे अंतर मोजायचे, सहावा उघडा असताना तिसऱ्याचे. बेरीज कायम नऊ.

जुना शाफ्ट मिस्त्री भंगाराच्या डब्यात टाकणार होते. मी तो मागून घेतला. चिकित्सित आवृत्तीत नाकारलेला पाठही तळटीपेत द्यावा लागतो. वहीच्या त्या पानाशेजारी तो कागदात गुंडाळून ठेवला आहे.

कव्हर लावण्याआधी प्लग काढून इंजिन नुसते फिरवले. पहिल्या रॉकरच्या कडेला तेल पाझरले, मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. सातव्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. भाऊ तोवर येऊन उभा राहिला होता. आठवा अजून कोरडा होता. "थांबा," मिस्त्री म्हणाले, आणि पुन्हा स्टार्टर दाबला.