काळ्या अंगावर फुटलेलं ऊन

ॲरिझोनाच्या दक्षिणेकडचे डोंगरी ओढे बाराही महिने वाहत नाहीत. जुलै-ऑगस्टात तिथेही पावसाळा येतो, आणि त्याला तिथली माणसं ‘मान्सून’च म्हणतात. गढूळ लोंढे ओसरले की धार तुटते आणि कातळात उरतात नुसते डोह. अशाच एखाद्या नितळ डोहातून, दोन्ही मागचे पाय वल्ह्यांसारखे एकदम मारत, एक भुंगेरा वर येतो. जेमतेम 10 ते 15 मिलिमीटर लांब, काळाभोर, आणि पाठीवर पिवळेधमक ठिपके!

थर्मोनेक्टस मार्मोरेटस हे त्याचं शास्त्रीय नाव. इंग्रजीत त्याला ‘सनबर्स्ट’ म्हणतात, म्हणजे ढगाआडून फुटलेलं ऊन. इतकं नेमकं नाव फार थोड्या किड्यांच्या वाट्याला येतं.

पाण्यातले बहुतेक भुंगेरे तळाच्या चिखलाचा, शेवाळाचा रंग घेऊन लपून राहतात. हा मात्र उठून दिसतो, कारण त्याला तसं दिसणं परवडतं. त्याच्या अंगातून पाझरणारं स्टेरॉइड माशांना नकोसं होतं. 1998 मध्ये संशोधकांनी ते वेगळं काढून त्याला ‘मिरासॉर्व्होन’ असं नाव दिलं.

अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि मेक्सिको हा त्याचा मुलूख. नकाशावर तो एकसंध दिसतो, पण खरं तर ती रखरखाटात विखुरलेल्या डोहांची माळ आहे.

सगळ्यात नवलाची आहे ती त्याची अळी. लांबुडकी, अणकुचीदार जबड्यांची. डोक्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा साधे डोळे, आणि त्यांतले पुढचे चार नळीसारखे. सिनसिनाटी विद्यापीठात एल्के बुशबेक आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये दाखवून दिलं, की या डोळ्यांतलं भिंग एकाच वेळी दोन अंतरांवर दोन प्रतिमा पाडतं. चाळिशीनंतर आपण नाकावर चढवतो तो दोन नंबरांचा चष्मा ही अळी जन्मतःच घेऊन येते! जिवंत प्राण्यात असं भिंग सापडण्याची ती पहिलीच वेळ होती. डासाची अळी वळवळताना दिसली की ही डोकं वरखाली डोलवत तिच्याकडे सरकते, थबकते, आणि पुढच्या क्षणी जबडे मिटलेले असतात.

पोट भरून वाढ पुरी झाली की ती काठच्या ओल्या मातीत शिरून कोश करते. पिवळे ठिपके घेऊन बाहेर पडेपर्यंत डोह टिकला तर तिथेच सूर मारायचा. आटला असला तर पाठीवरची ढाल उचकटायची, खालचे पातळ पंख पसरायचे आणि उडत जाऊन पुढचं पाणी शोधायचं.