मेंदूच्या वेशीवरील पहारा

अर्धांगवायूचा झटका आला की पुष्कळ घरांतून डॉक्टरांआधी आम्हांला बोलावणे येते. आम्ही जातोच, पण रुग्णाला प्रथम इस्पितळात न्या, असे दारातूनच सांगतो. सीटी स्कॅननंतर द्यावयाचे गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते.

पुढे काय? मरू घातलेल्या पेशी वाचवू पाहणारी बहुतेक औषधे मेंदूत पुरेशी शिरतच नाहीत. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख ह्यांनी प्राण्यांच्या शरीरात रंग सोडला. इतर अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की विषाबरोबर औषधही बाहेरच अडते.

हा पहारा मोडायचा नाही, चुकवायचा, ही अब्जांश कणांमागील कल्पना. १९९५ मध्ये फ्रँकफुर्टच्या योर्ग क्रॉयटर ह्यांच्या गटाने एक वेदनाशामक अशा कणांवर चढवून उंदरांच्या मेंदूत पोहोचविले. कणांवर लेप होता पॉलिसॉर्बेट ८०चा. आइस्क्रीममध्येही तो वापरतात! ह्या लेपाला रक्तातील एक प्रथिन चिकटते आणि पहारेकरी पेशी कणाला ओळखीचा मेदवाहक समजून आत घेतात, असे मानले जाते. शिवाय झटक्यानंतर जखमेपाशी हा पहारा काही काळ आपणहूनच सैलावतो. त्या फटीतूनही कण शिरू शकतात.

तथापि अर्धांगवायूसाठीचे हे प्रयोग अद्याप प्रामुख्याने प्राण्यांवरच चालू आहेत, आणि उंदरांना तारणारी कित्येक औषधे माणसांवर निष्फळ ठरली आहेत. तेव्हा अशा उपचाराच्या नावाने कुणी पैसे मागितल्यास आधी मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे.