तेविसावा किलोमीटर

ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलात लाकूडतोडीचे रस्ते खडीचे, बरेचदा एका गाडीपुरतेच. मोबाइलला रेंज नाही. म्हणून ठरलेल्या रेडिओ चॅनेलवर सांगत जायचं: रस्त्याचं नाव, किलोमीटर, दिशा. पाट्यांवरचे आकडे वाढत असतील तर ‘अप’, घटत असतील तर ‘डाउन’.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नुसतंच ऐकत होतो. माझे उच्चार ऐकून कुणी हसलं तर?

२३व्या किलोमीटरच्या वळणावर ओंडक्यांनी भरलेला ट्रक समोर आला. खडी उडवत कसाबसा थांबला. मी रिव्हर्स घेत बाजूच्या मोकळ्या जागेत शिरलो. हात थरथरत होते.

जाताना ड्रायव्हरने काच खाली करून एवढंच विचारलं, “रेडिओ नाही का?”

होता.

पुढच्या पाटीला रस्त्याचं नाव घेऊन मी बोललो, “२४, अप.” कुणी हसलं नाही. पलीकडून एकाने आपला आकडा सांगितला.