ओझे आणि खांदा

कॉटन ग्रीन स्थानकातून बाहेर पडले की कापसाची जुनी गोदामे नजरेस पडतात. आणि परळची मोठी रुग्णालयेही तेथून फार दूर नाहीत. आमच्या धर्मग्रामातील कित्येक कुटुंबांचे आयुष्य ह्या दोन टोकांमध्येच गेले. तरुणपणी गोदामांत आणि गोदीत राबायचे, आणि उतारवयात दुखणे आले की परळचा रस्ता धरायचा. पवित्र तेलाची डबी खिशात घालून त्या रस्त्याने आम्हीही किती वेळा गेलो असू, त्याची गणती नाही.

त्या वाटेवर एक प्रश्न आम्हांला वारंवार गाठतो. दयामरण, इच्छामरण असले भारदस्त शब्द तो बरोबर आणीत नाही. रुग्णालयाच्या जिन्यात कोणीतरी आमची बाही धरतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "फादर, मशीन बंद करायला सांगितले तर पाप लागेल का?"

ह्या प्रश्नाला आम्ही एकदा चुकीचे उत्तर दिले. त्या चुकीची कबुली देण्यासाठीच आज लेखणी उचलली आहे.

काही वर्षांपूर्वी सायंकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सॅक्रिस्टीत आला. त्याचे वडील कर्करोगाने आजारी होते. रोग सर्वत्र पसरला होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि श्वास यंत्रावर चालला होता. आता सुधारणेची आशा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. "त्यांना घरी न्यावे का, फादर?" एवढेच त्याने विचारले. आम्ही अंगावरचा झगा उतरवीत होतो. पुढच्या बैठकीची घाई होती. "जीव देणारा परमेश्वर आणि नेणाराही तोच. आपण मध्ये हात घालू नये," असे आम्ही म्हणालो. तो मान खाली घालून निघून गेला.

वाक्य खरे होते; परंतु त्याने विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. पुढे बावीस दिवस ते यंत्र चालले. पतपेढीचे कर्ज झाले. अतिदक्षता विभागात घरच्यांना दिवसातून दोनदा, थोडी मिनिटेच प्रवेश मिळे. बाविसाव्या रात्री ते गृहस्थ यंत्रांच्या गर्दीत एकटेच गेले. बायकोमुले बाहेर व्हरांड्यातील बाकावर बसलेली होती. शिवडीच्या दफनभूमीत अंत्यविधी आटोपल्यावर त्यांची पत्नी आमच्यापाशी आली. तिच्या हातांतील पाटल्या नव्हत्या. तक्रारीचा एक शब्दही तिने काढला नाही. "फादर, घरी आणले असते तर निदान त्यांचा हात धरायला मिळाला असता, नाही का?" एवढेच ती म्हणाली.

वाचकहो, सेमिनरीत नीतिशास्त्राच्या परीक्षेत ह्याच विषयावर आम्ही पानेच्या पाने लिहिली होती. त्या पानांतले काय त्या मुलाला सांगायला हवे होते?

सांगायला हवे होते ते असे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बारावे पायस ह्यांच्यापुढे डॉक्टरांनी नेमका हाच, श्वसनयंत्राचा, प्रश्न मांडला होता. जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे; परंतु रुग्णावर वा इतरांवर असह्य भार टाकणारे असामान्य उपाय करीत राहण्याचे बंधन नाही, असे त्यांनी उत्तर दिले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली होती. वेदना शमविण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला, तरी हेतू मृत्यूचा नसून दुसरा मार्ग नसेल, तर ते औषध देता येते. रोमहून ५ मे १९८० रोजी निघालेल्या घोषणापत्रात आणि पोप दुसरे जॉन पॉल ह्यांच्या १९९५ च्या 'जीवनाचे शुभवर्तमान' ह्या विश्वपत्रात हीच शिकवण विस्ताराने आली आहे. मरण घडवून आणणे हे एक. आणि येऊ घातलेल्या मरणाची वाट अडवून न धरणे हे दुसरे. पहिले पाप आहे. दुसऱ्यात पाप नाही. कित्येकदा ती नम्रताच असते. स्वतः पोप दुसरे जॉन पॉल २००५ साली अखेरच्या दिवसांत पुन्हा रुग्णालयात गेले नाहीत. आपल्या माणसांमध्ये, आपल्याच खोलीत त्यांनी २ एप्रिलला देह ठेवला.

हे सारे आम्हांला ठाऊक होते. तरीही त्या मुलाला आम्ही केवळ भीती दिली. धर्मगुरूच्या तोंडचे घाईचे "नाही" घरादाराला किती महागात पडते, हे त्या रिकाम्या मनगटांनी आम्हांला शिकविले.

परंतु ह्यावरून कोणी असे समजू नये, की असाध्य रुग्णाची सेवा थांबवावी, अन्नपाणी बंद करावे. ह्या बाबतीत आमचे गुरुपीठ रोममध्ये नव्हे, तर परळलाच आहे.

के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांची कहाणी मुंबईकरांना ठाऊक आहे. कर्नाटकातील हळदीपूरहून आलेली ही मुलगी अवघी पंचवीस वर्षांची होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातीलच एका सफाई कामगाराने तिच्यावर अमानुष अत्याचार केला, साखळीने गळा आवळला, आणि मेंदूचा प्राणवायू तुटल्याने ती पुन्हा कधी पूर्ववत शुद्धीवर आली नाही. त्या नराधमाला दरोडा आणि खुनाचा प्रयत्न ह्यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला. अरुणाताई मात्र एका खोलीत ४१ वर्षांहून अधिक काळ पडून होत्या.

पडून होत्या खऱ्या. पण टाकलेल्या नव्हत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. नव्याने रुजू झालेल्या मुलींनी ज्यांना कधी चालताबोलताना पाहिलेही नव्हते, त्यांना त्या आपली बहीण मानून न्हाऊमाखू घालीत, कुस बदलीत, वर्षानुवर्षे घास कुस्करून तोंडात भरवीत. इतक्या वर्षांत अंगावर एकही शय्याव्रण नाही, ह्याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. ज्याने घरात अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळले आहे, त्यालाच ह्या एका ओळीचे मोल कळेल. १९८० च्या दशकात महापालिकेने त्यांना तेथून हलविण्याचे दोनदा योजिले. दोन्ही वेळा परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या.

पत्रकार-लेखिका पिंकी विराणी ह्यांनी अरुणाताईंना मरणाची मोकळीक मिळावी, म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांच्या हेतूविषयी आमच्या मनात किंतु नाही. अरुणाताईंची कथा जगापुढे आणण्याचे श्रेय त्यांचे आहे. परंतु ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींचा आहे, असे न्यायालयाने मानले. आणि त्या मंडळींना त्या जगायला हव्या होत्या. निकालाच्या दिवशी परिचारिकांनी केक कापला, मिठाई वाटली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाताई गेल्या, तेव्हा त्या घरचे माणूस गेल्यागत रडल्या. त्यांतील बहुतेकींनी आमचे विश्वपत्र वाचले नसेल. त्या ते जगल्या.

त्याच निकालाने आपल्या देशात 'निष्क्रिय दयामरणा'ला मर्यादित वाट करून दिली, हे विसरता येत नाही. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीवनाच्या हक्कातच धरला, आणि आपल्यावर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ साली ती पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा झाला. प्राणघातक सुई टोचणे मात्र कायद्याने गुन्हाच राहिले. येथे शब्दांचा घोळ होऊ देऊ नये. कायदा ज्याला निष्क्रिय दयामरण म्हणतो, त्यात श्वसनयंत्र काढणेही येते आणि अन्नाची नळी काढणेही येऊ शकते. ख्रिस्तसभा ह्यांत भेद करते. व्यर्थ ठरलेले यंत्र काढू द्यावे. पण शरीराला जोवर अन्नपाणी पचते आणि लागू पडते, तोवर ते देत राहावे. कारण घास हे औषध नव्हे. ती माणुसकी आहे. असे लेखी इच्छापत्र करण्याची ज्यांची इच्छा असेल, त्यांनी हा भेद ध्यानी ठेवून ते करावे, आणि हवे तर धर्मगुरूंशी बोलावे. आता आम्ही घाईने उत्तर देणार नाही.

तरीही एक प्रश्न उरतोच. यंत्र नाही, बेशुद्धी नाही, माणूस पूर्ण शुद्धीत आहे आणि तोच म्हणतो, मला मोकळे करा. त्याचे काय? आपल्या समाजाला हे मागणे परके नाही. भीष्माचे इच्छामरण आपण लहानपणापासून ऐकतो. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्नपाणी आणि औषध सोडून देह ठेवला. अलीकडे, २०१७ साली, गिरगावातील एका वृद्ध दाम्पत्याने कोणताही असाध्य रोग नसताना मरणाची परवानगी राष्ट्रपतींकडे मागितली होती. पुढे आपण कोणावर तरी ओझे होऊ, ही धास्ती वृद्धापकाळी कोणाला नसते?

ओझे! हा शब्द आम्ही आमच्या एका आजोबांच्या तोंडून ऐकला. उमेदीची वर्षे त्यांनी कापसाच्या गोदामांत हमाली केली. पक्षाघाताने एक बाजू गेली आणि ते अंथरुणाला खिळले. मुलगा रात्रपाळीला, सून दिवसा चार घरची कामे करून येई आणि मग सासऱ्यांचे सारे करी. आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "फादर, जन्मभर ओझी वाहिली, आता मीच ओझे झालो. डॉक्टरला सांगा, एक सुई देऊन टाका."

ह्या वेळी आम्ही घाई केली नाही. खुर्ची ओढून बसलो, आणि कापसाची गासडी कशी उचलीत, ते त्यांना विचारले. आजोबांचा चेहरा जरा उजळला. "एकट्याने नाही उचलायची. एकाने हात द्यायचा, दुसऱ्याने पाठीवर घ्यायची. एकट्याने उचलली की पाठ मोडते."

आम्हांला उत्तर मिळाले. आजोबा ओझे झाले नव्हते. ते ओझे एकट्या सुनेच्या पाठीवर आले होते. त्या रविवारी आम्ही प्रवचनात गेथशेमनी बाग घेतली. मरणापूर्वीच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांकडे औषध मागितले नाही, सुटकाही मागितली नाही. केवळ थोडा वेळ आपल्यासोबत जागे राहण्यास सांगितले. आणि ते झोपी गेले! मिस्सानंतर लघु ख्रिस्ती समूहाच्या बायकापुरुषांनी वही काढली आणि पाळ्या लावल्या. कोणी दुपारी दोन तास बसे, कोणी अंग पुसायला येई, कोणी रात्री झोपायला. फार मोठे काम नव्हे. पण सून महिन्यातून एक रविवार माहेरी जाऊ लागली, आणि आजोबांनी सुईचे नाव पुन्हा काढले नाही.

ज्यांच्या वेदना घरात आवरत नाहीत, त्यांच्यासाठी १९८६ पासून वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची तेथे सेवा होते. अशी सदने हवीतच. पण प्रत्येक धर्मग्रामात अशी एक वहीही हवी. दयामरणाविरुद्ध व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार आपल्याला त्या वहीतूनच मिळतो. जो समाज रुग्णाच्या उशाशी बसत नाही, त्याने "मरू नका" म्हणणे फुकाचे आहे.

आजोबा चार महिन्यांनी गेले. पहाटेची वेळ होती. तेलाभ्यंग आदल्या संध्याकाळीच झाला होता. घरची मंडळी भोवती होती. त्या रात्री पाळी होती ती, त्या पाटल्या गेलेल्या विधवा बाईंची. आम्ही पोहोचलो तेव्हा आजोबांचा हात त्यांच्या हातात होता, आणि तो सोडायची त्यांना घाई नव्हती.