मैनेचं ताट

हडकुळं कुत्रं पाळणाऱ्या माणसाला गल्लीभर खुलासे देत हिंडावं लागतं. "खायला घालतासा का न्हाई हिला?" हा प्रश्न रंकाळ्यावर इतक्या जणांनी विचारलाय, की हल्ली कुणी मैनेकडे जरा रोखून बघितलं तरी मीच आधी सांगून टाकतो : बाबांनो, ही कारवानी आहे, हिची जातच अशी. छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, शेवटच्या बरगड्या लांबून मोजाव्यात अशा. पळण्यासाठी घडलेलं अंग आहे ते. त्यावर गुबगुबीतपणा आला तर कौतुक करायचं नसतं, डॉक्टरकडे जायचं असतं.

हिच्या गोतावळ्यातली मुधोळची कुत्री कोल्हापूरला काही परकी नाहीत. मुधोळ आज कर्नाटकात असलं तरी संस्थान घोरपड्यांचं. तिथल्या मालोजीराजांनी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला या कुत्र्यांची जोडी नजर केली होती, आणि २००५ साली टपाल खात्यानं काढलेल्या देशी कुत्र्यांच्या तिकिटांत मुधोळही होता. पण तिकिटावरची आणि राजवाड्यातली सोडली, तर ही कुत्री वाढली माळरानावर, मेंढरांच्या मागं, पालांच्या आणि वस्त्यांच्या कडेला. त्यांचं खाणं काय? ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी, ताक, जमलं तर दूध. मांस म्हणजे कधीमधी धरलेला ससा, तोही मालकानं आपला वाटा काढून घेतल्यावर. (आता सशाच्या मागं कुत्रं सोडणं हा गुन्हा आहे, तेव्हा तेही गेलं.) मैना जतकडच्या एका वस्तीवरून आली, तेव्हा तिथल्या आजींनी पदराआडून एक गार भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. "वाटेत दे, रडायची न्हाई." प्रवासात ती खरंच रडली नाही.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग पुण्याहून पुतण्या आला. त्याच्याकडे बीगल आहे आणि त्याच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमला जागा उरलेली नाही. कच्च्या मांसाची गोठवलेली पाकिटं, प्रत्येकावर वजन आणि वार. मैनेचं ताट बघून तो कळवळला. "काका, तिचं पोट लांडग्याचं आहे, आणि तुम्ही भाकऱ्या कसल्या घालताय?"

पोरगं उगाच बोलत नव्हतं, वाचून आलं होतं. इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं १९९३ मध्ये एक पुस्तक लिहिलं, आणि पाळलेल्या कुत्र्याला कच्चं मांस, कच्ची हाडं घालावीत हा विचार तिथून जगभर पसरला. पुतण्याचं गणितही सुटसुटीत होतं. ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के काळीज-गुर्दा वगैरे; रोजचं प्रमाण कुत्र्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के. मैना बावीस किलोची. म्हणजे रोज जवळजवळ अर्धा किलो. आमच्याकडे रविवारी सगळ्या माणसांत मिळून तेवढं येतं, असं सौ. म्हणाली, आणि चर्चा काही वेळ थांबली.

पण पैशाचं कारण पुढं करून विचार झटकणं मला बरं वाटेना. कुत्र्याच्या तोंडात डोकावून बघा. बेचाळीस दात, सगळे कापायचे आणि फोडायचे. जबडा वरखाली होतो, आडवा फिरत नाही; गाईसारखं दळण तिथं नाही. पोटातलं आम्ल हाडावर काम करण्याइतकं जहाल. हे सगळं निसर्गानं काय भाकरीसाठी केलं?

त्याच आठवड्यात मटणाच्या दुकानाबाहेर उभा होतो. आत ओंडक्यावर सत्तूर पडत होता आणि दर घावाला बाहेरच्या तीन कुत्र्यांचे कान हलत होते. मालकानं एक नळी भिरकावली. तांबूस रंगाच्या थोराड कुत्र्यानं ती उचलली, कोपऱ्यात नेली, दोन्ही पुढच्या पंजांत उभी धरली आणि मान तिरकी केली, गालाच्या मागचे दात लागतील इतकी. मग डोळे अर्धे मिटले. हाड लगेच फुटलं नाही. तो थांबायचा, चाटायचा, पुन्हा तोच कोन पकडायचा. घाई नव्हती, हाव नव्हती. कामात बुडालेल्या सुताराच्या चेहऱ्यावर असते तसली शांतता होती. मैना आमच्याकडे भाकरी खाते ती चार घासांत, बाजूला बघत. आपण हिच्याकडून हे सुख काढून घेतलंय की काय, असं त्या क्षणी अगदी आतून वाटलं. "कुत्र्याला न्हेताय व्हय? मग छाट घ्या की," मालक म्हणाला, आणि मी पिशवी पुढं करता करता राहिलो.

मोह होता तो. आणि अशा मोहात अर्धी गोष्ट खरी असते, म्हणून तो टिकतो.

उरलेली अर्धी गोष्ट स्वीडनमधल्या संशोधकांनी सांगितली आहे. उप्साला विद्यापीठातल्या एरिक अॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये कुत्र्याची आणि लांडग्याची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. पिठूळ अन्न पचवणारं अमायलेझ ज्या जनुकातून तयार होतं, त्याच्या लांडग्यात दोन प्रती. कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करायला लागला, धान्य शिजवायला लागला, आणि त्याच्या उकिरड्याशी ज्या कुत्र्यांचं पोट जमलं ती टिकली. दात लांडग्याचे राहिले, आतडं आपल्या शेजारानं बदललं. बर्फातल्या हस्की कुत्र्यांत या प्रती कमी सापडतात, कारण त्यांच्या माणसांनी शेती केलीच नाही. म्हणजे कुत्र्याच्या पोटात त्याच्या धन्याचा इतिहास असतो. मैनेच्या पोटात ज्वारीचं शिवार आहे.

नामदेवांची गोष्ट आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. कुत्र्यानं कोरडी भाकरी पळवली, आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. आजच्या डॉक्टरांना तूप चालणार नाही, स्वादुपिंडाला सूज येईल म्हणतील. पण मला त्या गोष्टीतली भाकरी महत्त्वाची वाटते. गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कुणालाही कुत्र्यानं भाकरी पळवली याचं नवल वाटलेलं नाही.

डॉक्टर आमचे मूळचे गुरांचे. त्यांनी पुतण्याची बाजू पूर्ण ऐकून घेतली आणि कबूलही केलं की कच्चं खाणाऱ्या कुत्र्याची शी कमी होते, केस चकाकतात. चकाकी बहुतेक वेळा चरबीची असते, एवढं जोडलं. मग विचारलं, "मटण आणणार कुठनं?"

सगळा प्रश्न मला तिथं उलगडला. अमेरिकेत अन्न आणि औषध प्रशासनानं २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाण्याचे १९६ नमुने तपासले. तेही कारखान्यात बनलेले, गोठवलेले, पाकीटबंद. १५ मध्ये साल्मोनेला निघाला, ३२ मध्ये लिस्टेरिया. गोठवल्यानं जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. ही तिथली गत. आपल्याकडे ताजं मटण म्हणजे सकाळी कापून आकड्याला टांगलेलं. माश्या, ऊन, धूळ, तोच ओंडका, तेच फडकं. आणि त्यात आपण काही गैर मानत नाही, कारण घरी नेऊन आपण ते तासभर रटरटवतो. आपल्याकडची मांसाची सगळी व्यवस्थाच चुलीच्या भरवशावर उभी आहे. त्यातून चूल काढून घ्यायची आणि उरलेलं कुत्र्याच्या ताटात घालायचं, याला निसर्गाकडे जाणं म्हणत नाहीत.

कुत्रं स्वतः बऱ्याचदा यातून तरून जातं. जंतू मात्र त्याच्या शीतून आणि लाळेतून बाहेर पडत राहतात. आमच्या घरात आई आहे, ऐंशी ओलांडलेली, साखरेची. दुपारी ती ओसरीवर बसते आणि मैना तिचा हात मनगटापासून बोटांपर्यंत चाटून काढते. त्याच हातानं आई पुढं पानाचा डबा उघडते. तिला "हात धुवा" सांगून बघा.

मेंढपाळांच्या वस्त्यांचाही डॉक्टरांना अनुभव. मेंढरू कापलं की काळजात, फुप्फुसात कधी पाण्यानं भरलेल्या गाठी निघतात. तेवढा भाग कापून कुत्र्यापुढं टाकतात. त्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात बारीकसा पट्टकृमी वाढतो, त्याची अंडी शीतून मातीत, केसांवर जातात, आणि तिथून माणसाच्या पोटात. मग माणसाच्या यकृतात तशीच गाठ, वर्षानुवर्षं मुकाट वाढणारी. हायडॅटिड म्हणतात तिला. एका कच्च्या तुकड्याचा एवढा लांबचा प्रवास.

आणि नुसती छाट घातली तर हाडांचं काय? मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाहीच. वाढत्या पिल्लाला केवळ मांसावर ठेवलं तर शरीर आपल्याच हाडांतलं कॅल्शियम उपसतं आणि पाय वाकतात. हाडं घातली तर कधी मागचा मोठा दात उभा चिरतो. गळ्याचा भाग स्वस्त मिळतो म्हणून रोज घातला, तर त्याला चिकटलेल्या थायरॉइड ग्रंथीमुळे कुत्र्याचं थायरॉइड बिघडल्याच्या नोंदी आहेत. ही सगळी मापं सांभाळून कच्चं खाऊ घालणारी माणसं आहेत. पुतण्या त्यांतला असेल. मी नाही.

तरी पुतण्याच्या येण्यानं एक झालं. भाकरी-ताक वस्तीवरच्या धावणाऱ्या कुत्र्याला पुरत असेलही, पण पुरणं आणि मानवणं यांत फरक आहे, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. आणि बाजारातलं कोरडं खाणं तरी कुठं पिढीजात आहे? लंडनमध्ये जेम्स स्प्रॅटनं कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली ती १८६० च्या दशकात. यंत्रातून दाबून फुगवलेले आजचे दाणे तर १९५० च्या दशकातले. जे त्यावर कुत्रं नीट ठेवतात त्यांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या स्वयंपाकघरात मात्र आणखी एक पातेलं बसू शकत होतं.

आता तिच्यासाठी चिकन वेगळं शिजतं, अळणी. कांदा-लसूण अजिबात नाही. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि कोल्हापुरात हे रोज बजावावं लागतं, कारण तांबड्या रश्शात बुडवलेली भाकरी कुत्र्यापुढं ठेवणं याला इथं प्रेम समजतात. आठवड्यातून काही वेळा थोडं काळीज, लाल भोपळा, आणि अंड्याच्या टरफलाची पूड. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. तिला किती चमचे, ते डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलंय. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या सळया होऊन आतडं फाटतं. भाकरी आहेच, पूर्वीपेक्षा कमी. जुन्यात नवं हळूहळू मिसळत सगळं बदललं.

तुमच्या मनात कच्च्याचा विचार घोळत असेल, तर कुत्र्याच्या दातांकडे बघून ठरवू नका. घरात रांगणारं मूल, गरोदर बाई, म्हातारं माणूस किंवा औषधांनी प्रतिकारशक्ती खालावलेलं कुणी असेल, तर तो विचार सोडा. नसेल, तर आहाराचं माप लिहून देणारा डॉक्टर आधी गाठा आणि मांस नंतर. आमच्या घरात कच्चं मांस मैनेच्या ताटात जाणार नाही. पुतण्याला तसं कळवलंय.